टॅब्लेट विकून पुन्हा वही घेऊ का?

सदराकडे आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव इंदापूरकडचं, दहावीपर्यंत मराठी माध्यम, वडिलांचं खतं-बियाण्यांचं दुकान. प्रवेश झाल्यावर वडिलांनी पेन्सिल आणि कव्हर धरून ४५ हजारांचा टॅब्लेट हप्त्यांवर घेऊन दिला. चुलतभावाचा जुना लॅपटॉप आधीपासून होता. वर्गात ती लॅपटॉपवर सरांचं वाक्य न् वाक्य टाइप करते, शिवाय मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवते, आणि रात्री हॉस्टेलवर ते ऐकत टॅब्लेटवर रंगीत ‘फेअर’ नोट्स काढते. झोपायला एक-दीड वाजतो. पहिल्या इंटर्नलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत, अ‍ॅनाटॉमीत १०० पैकी ३८, फिजिऑलॉजीत ४९, बायोकेमिस्ट्रीत ६४. रूममेट साध्या दोनशे पानी वहीत लिहिते आणि तिन्ही विषयांत पास आहे. वडील फोनवर म्हणाले, ‘एवढ्याला घेतला, मग उपयोग काय झाला?’ तिचे प्रश्न असे : टॅब्लेट विकून टाकू का? की लॅपटॉप बंद करून फक्त टॅब्लेटवर लिहू? हाताने लिहिलेलंच लक्षात राहतं, हे खरं का? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ : ‘बायोकेमच्या सायकल्सच्या नोट्स काढायला वेळच मिळाला नाही, मेसच्या रांगेत मैत्रिणी एकमेकींना विचारतो तेवढंच.’

अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू शेवटी, जाता जाता लिहून टाकली आहेस. ज्या विषयाच्या नोट्स काढायला तुला वेळ मिळाला नाही, त्यात ६४. ज्याच्या नोट्स तू रात्री जागून रंगवल्यास, त्यात ३८. आता एका परीक्षेवरून निष्कर्ष काढू नये, बायोकेमचा पेपर सोपा आला असेल, अ‍ॅनाटॉमीचा पोर्शन अवाढव्य असतोच, हे सगळं मान्य. मी फिजिऑलॉजी शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत, आणि एकाच रीडिंगवर आलेख काढून आणणाऱ्याला मी प्रॅक्टिकलला परत पाठवत असे. तरीही या ओळीवर थांबायला हवं. मेसच्या रांगेत नेमकं काय होत होतं? मैत्रीण विचारायची, ‘ग्लायकोलिसिसची रेट लिमिटिंग स्टेप कुठली?’ तुझ्या हातात ताट असायचं, स्क्रीन नसायचा. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एन्झाइमचं नाव तुला डोक्यातून ओढून बाहेर काढावं लागायचं. नाही आलं तर ती हसायची, आणि मग दुसऱ्या दिवशी ते यायचं.

तुझ्या अ‍ॅनाटॉमीच्या नोट्सनी तुला असं कधी काही विचारलं का?

तुझाच हिशेब मांडू. लेक्चर एक तासाचं. तो तास टाइप करण्यात जातो. रात्री रेकॉर्डिंग थांबवत थांबवत ऐकायला दीड तास. मग धमन्या लाल, शिरा निळ्या, नर्व्ह पिवळ्या, हेडिंगला वेगळा रंग, नेटवरची आकृती कापून चिकटवायची, यात आणखी तास. एका लेक्चरमागे साडेतीन तास झाले, आणि या साडेतीन तासांत ‘आता सगळं मिटून सांग बघू काय आठवतंय’ ही वेळ एकदाही आली नाही. हे सगळं तू वहीत केलं असतंस तरी ३८च पडले असते. कदाचित ३६, कारण वहीत रंगवायला जास्त वेळ लागतो.

म्हणून टॅब्लेट विकून तुझा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. रूममेट वहीत लिहिते म्हणून पास झाली, हेही तू धरून चालली आहेस. वहीत लिहून झाल्यावर ती काय करते ते एकदा नीट बघ. बघ म्हणजे तिलाच विचार. माझा अंदाज, ती सगळं लिहीतच नसेल. वर्गात निम्मं ऐकत असेल, संध्याकाळी पुस्तकातून बघत असेल, परीक्षेच्या आधी सिनियरकडून महत्त्वाचे प्रश्न आणून ते लिहून काढत असेल, आणि साडेअकराला झोपत असेल. दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, हे तुला फिजिऑलॉजीत पुढे येईलच. सध्या तू तीच झोप देऊन नोट्स विकत घेते आहेस.

आता मला जरा वेगळं काही विचारायचं आहे. वाक्य न् वाक्य टाइप का करतेस? तू कारण लिहिलेलं नाहीस, पण पत्रातल्या ‘दहावीपर्यंत मराठी माध्यम’ या शब्दांत ते असावं. अशी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. बीडची, साताऱ्याची, नांदेडची, भल्याभल्यांना मागे टाकून सीट मिळवलेली, आणि पहिल्या तीन महिन्यांत इंग्रजीच्या धाकाने वर्गात स्टेनोग्राफर झालेली. एक वाक्य निसटलं तर ते पुन्हा मिळणार नाही आणि मला स्वतःला असं इंग्रजी लिहिता येणार नाही, ही ती धास्ती. त्यामुळे ऐकायचं राहून जातं. कान शब्द पकडतात आणि बोटं ते खाली ठेवतात. दोन्हींच्या मध्ये विचार करायला कोणीच नसतं.

यावर माझा उपाय ऐकून तुझे इंग्रजी माध्यमातले मित्र कदाचित भुवया उंचावतील. समजलेलं मराठीत लिही. संज्ञा इंग्रजीच राहू देत, त्यांची मराठी करायच्या फंदात पडू नकोस, पण मधली गोष्ट आपल्या भाषेत सांग. ‘किडनीला रक्त कमी पडलं की जेजी सेल्स रेनिन सोडतात. रेनिन अँजिओटेन्सिनोजेनचं अँजिओटेन्सिन वन करतं. पुढे मुख्यतः फुप्फुसातलं एसीई त्याचं टू करतं. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, वर अल्डोस्टेरॉन सुटतं आणि सोडियम-पाणी धरून ठेवलं जातं.’ हे तुला आईला फोनवर सांगावं तसं एका दमात सांगता आलं, की यंत्रणा तुझी झाली. तिची इंग्रजी वाक्यं बनवणं हे वेगळं काम आहे आणि त्याचा सराव वेगळा करायचा. आठवड्यातून एक मोठा प्रश्न घेऊन पूर्ण उत्तर इंग्रजीत, पेनने, घड्याळ लावून लिहायचं. आणि व्हायवासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, दोन मैत्रिणींनी समोरासमोर बसून तेच इंग्रजीत बोलायचं, चुकत माकत. व्याकरणाला तिथे मार्क नसतात. पुढे ससूनसारख्या ठिकाणच्या ओपीडीत समोर बसलेली आजी तुझ्याशी मराठीतच बोलणार आहे, तेव्हा मराठीत समजलेलं वाया जाण्याची भीती नको.

रेकॉर्डिंग मात्र बंद कर. शिक्षकांना विचारल्याशिवाय रेकॉर्ड करणं बरोबर नाही, हा एक भाग झाला. त्याहून मोठा तोटा असा, की ‘रात्री ऐकूच’ हा भरवसा असला की वर्गात कान आपोआप सुट्टीवर जातात.

‘हाताने लिहिलेलंच लक्षात राहतं’ हे वाक्य तू बहुधा सगळ्यांकडून ऐकलं असशील, माझ्या पिढीकडून तर नक्कीच. २०१४ मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या अमेरिकी संशोधकांचा एक अभ्यास गाजला. लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवतात आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत मागे पडतात, असं त्यांना आढळलं. तेव्हापासून वर्तमानपत्रांत लॅपटॉपची धुलाई सुरू झाली. पण २०२१ मध्ये दुसऱ्या एका गटाने त्यातला प्रयोग पुन्हा करून पाहिला. लॅपटॉपवाले जास्त शब्द लिहितात, जास्त शब्दशः लिहितात, हे त्यांनाही दिसलं, चाचणीतल्या कामगिरीत मात्र दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. म्हणजे पेन म्हणजे पुण्य आणि कीबोर्ड म्हणजे पाप, इतकं सोपं ते नाही. शिवाय टॅब्लेटवर पेन्सिलने लिहिणं हेही हातानेच लिहिणं आहे, हे या वादात सगळे विसरतात.

तुझ्यासाठी याहून कामाचा प्रयोग २००६ चा आहे, रॉडिगर आणि कार्पिकी यांचा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले. गंमत म्हणजे पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाटत होता. रात्री एक वाजता स्वतःच्या सुंदर पानाकडे बघून ‘हा टॉपिक झाला’ असं तुला जे वाटतं, ते हेच.

मग करायचं काय?

वर्गात लॅपटॉप नेऊ नकोस. टाइप करता आलं की सगळं टाइप करावंसं वाटतं, तो मोह मुळातूनच काढून टाक. दुसरं कारण मागच्या बाकावरच्यांचं. २०१३ च्या कॅनडातल्या एका अभ्यासात, लेक्चर चालू असताना लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांचे गुण तर घटलेच, पण ज्यांना त्यांचा स्क्रीन दिसत होता त्यांचेही घटले. टॅब्लेट बाकावर आडवा पडलेला असतो, त्याचा त्रास कमी. लेक्चरची पीपीटी आधी मिळत असेल तर ती टॅब्लेटवर उघड आणि स्लाइडवर जे छापलेलं आहे त्यातलं एक अक्षरही पुन्हा लिहू नकोस. सर तोंडी जे जोडतात ते समासात लिही. ‘हा प्रश्न नेहमी येतो’, ‘इथे मुलं चुकतात’, ‘या फ्रॅक्चरमध्ये ही नर्व्ह जाते’, असलं. एका तासात पान-दीड पान झालं तर भरपूर झालं. पीपीटी मिळत नसेल तर हेडिंगं आणि बाण, बस. तपशिलांसाठी पुस्तक आहे ना! तुझे सर ज्या पुस्तकातून शिकवतात ते तुझ्याकडे असताना त्यांच्या तोंडून तेच पुस्तक पुन्हा लिहून घेण्यात काय हशील?

संध्याकाळी, जेवणाच्या आधी, दिवसातल्या प्रत्येक लेक्चरला दहा-दहा मिनिटं. टॅब्लेट बंद. एका बाजूने छापलेल्या झेरॉक्सचे रद्दी कागद असतात ते घे आणि आठवेल ते लिही, काढ, बाण मार. मग टॅब्लेट उघडून लाल पेनने दुरुस्त कर. जे सुटलं तेवढंच पुस्तकातून वाच. कागद फेकून दे. हो, फेकून दे. साठवायला लागलीस की तोही रंगवायला घेशील. तोच टॉपिक दोन-तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने, मग महिन्याने. ‘फेअर’ नोट्स पूर्ण बंद. हे तुला जड जाईल, मला माहीत आहे, कारण नीटच्या तयारीपासून नोट्सच्या गठ्ठ्याकडे बघून धीर यायची सवय लागलेली असते. पण धीर आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंटर्नलमध्ये धीराला मार्क पडले नाहीत हे तू पाहिलंसच.

अ‍ॅनाटॉमीबद्दल मात्र टॅब्लेटला दोन शब्द सुनवायलाच हवेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अ‍ॅनाटॉमीचा पेपर १०० मार्कांचा, तीन तासांचा, आणि असे दोन पेपर. सगळं कागदावर, पेनने. पेपर तपासणारा आधी आकृती बघतो, मग मजकूर; कोणी कबूल करो न करो. आणि टॅब्लेटवर आकृती काढताना तू काय करतेस? चौपट झूम करून रेघ मारतेस. वाकडी आली की दोन बोटं टेकवून मागे जातेस. गोल काढला की अ‍ॅप तो आपसूक सुबक करून देतं. डाव्या बाजूचा भाग निवडून, उलटा करून उजवीकडे चिकटवतेस. चित्र सुरेख येतं, पण हाताला प्रमाण कळत नाही, आणि परीक्षेत कागदावर तशी पुसायची सोय नाही हे लक्षात येईपर्यंत वेळ निघून जातो. ब्रॅकियल प्लेक्सस घे, मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं. सी ५ ते टी १ पाच रूट्स, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, मग ब्रँचेस. कोऱ्या कागदावर, बॉलपेनने, न पुसता, पाच मिनिटांत लेबलांसकट काढून बघ. पहिल्यांदा कॉर्डपाशी जागा संपेल. दुसऱ्यांदा पोस्टिरियर कॉर्डच्या ब्रँचेस लिहायला जागा ठेवायची हे आपोआप कळेल. हे शहाणपण अनडू असलेल्या कागदावर येत नाही. फिजिऑलॉजीचंही तेच. रक्त ऑक्सिजन कसा धरतं-सोडतं त्याचा आलेख, ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह, काढताना अक्षांना नावं आणि एककं देणं, वक्र उजवीकडे कधी सरकतो ते बाणाने दाखवणं, हे हाताच्या सवयीचं काम आहे. ४९ चे ५५ तेवढ्यावर होतात.

हिस्टॉलॉजीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघायच्या भागात, तर निवडच नाही. जर्नल कागदावरच काढायचं, गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीने. तिथे टॅब्लेटचा उपयोग वेगळा आहे, आणि तो फार छान आहे. स्लाइडचे फोटो मोठे करून बघायचे, लेबलं झाकून ओळखायची. स्पॉटिंगला, म्हणजे नमुने ओळखायच्या परीक्षेत, घंटा वाजली की पुढे सरकावं लागतं, तेव्हा ओळखण्याचा वेग लागतो आणि तो असाच येतो. ऑस्टिऑलॉजीतही हाड हातात घेऊन बघायचंच, पण रूमवर हाड नसेल तेव्हा फिरवून बघता येणारं चित्र पुस्तकातल्या सपाट चित्रापेक्षा बरं. म्हणजे टॅब्लेट हा तुझा अ‍ॅटलास आहे असं समज. वही समजू नकोस.

आता लॅपटॉप. जुना आहे म्हणून त्याला कोपऱ्यात टाकू नकोस, त्याच्यासाठी एक काम आहे जे पहिल्या वर्षाची मुलं फेब्रुवारी-मार्चपर्यंत करतच नाहीत. विद्यापीठाचे मागचे पेपर गोळा कर आणि एका साध्या तक्त्यात प्रश्न प्रकरणवार लाव. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला, त्यामुळे त्याआधीचे पेपर फार नकोत. हा तक्ता झाला की संध्याकाळी रद्दी कागदावर काय लिहायचं ते शोधावं लागणार नाही. प्रश्न तयार आहेत, तू फक्त उत्तर द्यायचं. दोन-तीन मैत्रिणींनी विषय वाटून घेतले तर एका रविवारचं काम आहे.

अँकीबद्दल तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी सिनियर लवकरच तुझ्या कानात ते नाव घालणार, म्हणून आत्ताच सांगते. प्रश्नोत्तरांची कार्डं करून ती ठरावीक अंतराने पुढे आणून देणारं ते अ‍ॅप आहे. लॅपटॉपवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोन-आयपॅडवर विकत. तिथे ब्राउझरमधून वापरलं तर पैसे पडत नाहीत. मेसच्या रांगेतली मैत्रीण खिशात मिळाल्यासारखं आहे ते. पण अमेरिकेतल्या परीक्षांसाठी कोणीतरी केलेल्या हजारो कार्डांचा तयार संच उतरवून घेऊ नकोस. तो ऑप्शनवाल्या प्रश्नांसाठी आहे, आपल्याकडच्या ‘डिस्क्राइब’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांसाठी नाही. कार्डं स्वतःची, लहान, रोज दहा-पंधरा. जास्त नकोत, कारण नवी कार्डं आज घातलीस की त्यांची उजळणी पुढचे कित्येक आठवडे दारात उभी राहते, आणि चार दिवस गावाला जाऊन आलीस की चारशे कार्डं बघून अ‍ॅपच काढून टाकावंसं वाटतं. एन्झाइम, नर्व्ह रूट, व्हिटॅमिनची कमतरता, नॉर्मल व्हॅल्यू, अशा तुटक गोष्टींसाठी कार्डं. ज्यात गोष्ट सांगायची आहे त्यासाठी रद्दी कागद.

डिसेक्शन हॉलमध्ये टॅब्लेट नेऊ नये, हे सांगायला नको. फॉर्मलिनचे हात आणि काचेचा स्क्रीन यांचं जमत नाही, पण खरं कारण ते नाही. तिथे टेबलावर आहे ते कोणाचे तरी आई-वडील आहेत, बहुधा स्वतःहून देह देऊन गेलेले. सुरुवातीला कॅडॅव्हरिक ओथ, त्या देहाचा मान राखायची शपथ, घेतलीस ना? फोटो काढायचा नाही, ‘फक्त अभ्यासासाठी’ही नाही. दवाखान्यात भेटी सुरू झाल्या की हाच नियम जिवंत माणसांना. नोट्समध्ये पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, चेहरा काहीही नको. ‘पन्नाशीचे गृहस्थ, शेतकरी, दम लागतो’ एवढं पुरतं. टॅब्लेट क्लाउडला जोडलेला असतो आणि क्लाउड पाच जणांच्या ग्रुपला, हे विसरायला एक क्षण पुरतो.

किरकोळ गोष्टी भराभर. नोट्सच्या अ‍ॅपवर डोळे मिटून विसंबू नकोस. एकदा पैसे भरून घेतलेली अ‍ॅप्स नंतर वार्षिक वर्गणीवर गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून महिन्यातून एकदा सगळ्याचे पीडीएफ काढून ड्राइव्हवर टाक. टॅब्लेटवर व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टा ठेवूच नकोस, ते मोबाइलचं काम मोबाइलकडे राहू दे. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती निघते हे पुण्यात राहून तुला कळलं असेलच, बुधवारी रात्री चार्ज करून ठेव. आणि टेलिग्रामवरून उतरवलेल्या पुस्तकांच्या पीडीएफवर अभ्यास करू नकोस. चोरीचा मुद्दा आहेच, शिवाय आवृत्ती जुनी असते आणि पानं वाकडी स्कॅन झालेली असतात. तिन्ही विषयांचं मुख्य पुस्तक छापील असू दे. नवं परवडत नसेल तर दुसऱ्या वर्षाला गेलेल्या ताईकडून घे किंवा अप्पा बळवंत चौकात जुनं शोध.

राहिले वडील. ‘उपयोग काय झाला?’ हे वाक्य तुला लागलं, हे पत्राच्या त्या भागातल्या अक्षरावरूनच कळतंय. पण दुकानदार माणूस आहे गं, माल घेतला की उठाव किती झाला हे विचारणारच. त्यात तुला दोष देण्याचा हेतू असेल असं मला वाटत नाही. उलट त्यांनी तुला नेमका प्रश्न विचारला, जो सिनियर्सचे टॅब्लेट बघून भारावलेल्या तुला टॅब्लेट घेण्याआधी कोणीच विचारला नव्हता. त्यांना खरं ते सांग. ‘मी वापरायची पद्धत चुकवली होती, आता बदलते आहे, पुढच्या इंटर्नलनंतर बोलू.’ विकायचं म्हणशील तर वापरलेल्या टॅब्लेटला निम्म्याच्या आसपास किंमत येते, पेन्सिल आणि कव्हरचे तर कोणी धड विचारत नाही, आणि हप्ते मात्र संपेपर्यंत चालूच राहतात. अपराधीपणा कमी करण्यासाठी एवढा तोटा सोसणं तुझ्या वडिलांनाही पटणार नाही. पुढच्या इंटर्नलपर्यंत वर सांगितलं तसं करून बघ. त्यानंतरही टॅब्लेट उघडल्यावर हात रंगांकडेच जात असेल तर खुशाल विक, तेव्हा तो निर्णय माहितीवर घेतलेला असेल. आणि नापास झालेल्या विषयाच्या शिक्षकांना जाऊन भेट. उत्तरपत्रिका घेऊन, ‘मार्क कुठे गेले’ एवढंच विचारायला. अ‍ॅनाटॉमीच्या विभागात मुलं असं विचारायला इतकी कमी येतात, की शिक्षक चहा पाजतील.

या सदराकडे दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत पालकांचीही पत्रं येतात, मेडिकलला कुठला टॅब्लेट घ्यावा म्हणून. त्यांच्यासाठी माझं उत्तर एकच : पहिली इंटर्नल होईपर्यंत काहीच घेऊ नका. तोपर्यंत वही, छापील पुस्तक आणि घरात असेल तो कसाही लॅपटॉप पुरतो. इंटर्नल झाल्यावर मुलाला कुठल्या विषयाला काय लागतं ते कळलेलं असेल, आणि सिनियर्सचं बघून मागतोय की गरजेने, हे तुम्हालाही. घ्यायचाच झाला तर पेन सोबत येणारा मधल्या किमतीचा घ्या, दुकानात जाऊन त्यावर मुलालाच पाच मिनिटं लिहून बघू द्या, तळहात टेकला की रेघा उमटत नाहीत ना हे तपासा. आणि कीबोर्डवालं महागडं कव्हर दुकानदार कितीही गोड बोलला तरी घेऊ नका.